गवती चहा हा चहा नव्हे. आणि नागपूरच्या कोणत्या ऋतूत कोणता चहा प्यावा

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या डिसेंबरात एक खुलासा प्रसिद्ध केला. कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे चहाचे झुडूप, या एकाच वनस्पतीपासून तयार झालेल्या पदार्थाला पुडीवर ‘चहा’ म्हणता येईल. फुले, मुळे, औषधी पाने यांच्या मिश्रणांना ते नाव देणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरेल, असा त्याचा आशय होता. मराठी माणसाला हे वाचून सर्वांत आधी आठवतो तो गवती चहा. ज्या गवताची दोन पाती आधणात पडल्याशिवाय आपल्याकडे पावसाळा लागल्यासारखा वाटत नाही, ते नावाने चहा असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ज्वारीचे आणि उसाचे भाऊबंद आहे. चहाच्या झुडपाशी त्याचे काहीही नाते नाही. प्राधिकरणाचा रोख विक्रीच्या वेष्टनावरील नावाकडे आहे, परसातल्या गवताकडे किंवा आपल्या बोलीकडे नाही. खरी चहापत्ती असलेला मसाला चहाही चहाच राहतो.

या खुलाशातून एक मूलभूत प्रश्न मात्र पुढे येतो. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा जर एकाच झाडाचे असतील, तर त्यांच्या चवींत एवढे अंतर कशामुळे पडते? आणि ज्या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७ अंशांच्या वरचे ऊन आणि २०१८ च्या डिसेंबरात साडेतीन अंशांची थंडी पाहिली आहे, त्या शहरात बाराही महिने एकच चहा एकाच पद्धतीने का उकळावा?

चिरलेले वांगे आणि चहाचे पान

वांगे चिरून तसेच ठेवले, तर थोड्याच वेळात फोडी काळ्या पडतात. वांग्याच्या पेशी कापल्या गेल्या, की त्यांच्यातील एक विकर (एन्झाइम) हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तिथल्या तुरट द्रव्यांचे रूप बदलते. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. चहाच्या पानातही नेमके हेच घडते, आणि हे घडू किती द्यायचे या एका निर्णयावर चहाचे निरनिराळे प्रकार ठरतात.

खुडलेले पान आधी काही तास सुकवून लुळे करतात. मग ते वळून, चुरगळून त्याच्या पेशी फोडतात आणि पसरून ठेवतात. पान हिरव्याचे तांबूस होते, कच्च्या गवताचा वास जाऊन फळांसारखा, मधासारखा वास येऊ लागतो. ही क्रिया पूर्ण होऊ दिली आणि मग गरम हवेने पान वाळवले, की काळा चहा तयार होतो. अर्ध्यावर थांबवली, तर ऊलाँग. हिरव्या चहात ती जवळजवळ सुरूच होऊ देत नाहीत. पालक उकळत्या पाण्यातून झटकन काढला, की त्याचा रंग हिरवागार राहतो, तसे पान आधीच तापवून ते विकर निकामी केले जाते. चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत परततात, जपानमध्ये वाफ देतात. पांढऱ्या चहासाठी कोवळ्या कळ्या फारसा धक्का न लावता फक्त सुकवतात. आपल्या व्यवहारात या साऱ्याला सर्रास ‘आंबवणे’ म्हटले जाते. परंतु इडलीच्या पिठासारखे जिवाणूंचे काम त्यात नसते. त्याला अपवाद म्हणजे चीनच्या युन्नान प्रांतातला प्वेर, जो खरोखरच सूक्ष्मजीवांकडून मुरवला जातो.

दाणेदार चहा कुठून आला?

आपल्या घरांत रोज उकळतो तो बारीक काळ्या गोळ्यांचा चहा म्हणजे सीटीसी. दाते असलेले दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्यामधून जाणारे पान चिरडले, फाटले आणि गुंडाळले जाते; या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९३० च्या सुमारास आसामात निघालेली ही यंत्ररीत आज भारतातल्या बहुतेक चहासाठी वापरली जाते. जुन्या रीतीने अख्खे पान वळून केलेल्या चहाला ऑर्थोडॉक्स म्हणतात.

आमटीत अख्खी मिरी टाकली तर तिचा स्वाद हळूहळू आणि सौम्यपणे उतरतो, आणि तीच मिरी कुटून टाकली तर क्षणात ठसका लागतो. सीटीसी म्हणजे ही कुटलेली मिरी. तिचा रंग, कडकपणा आणि तुरटपणा दोन मिनिटांत पाण्यात उतरतो. म्हणूनच तिच्यात दूध घालता येते, किंबहुना घालावेच लागते. सुपारी चघळताना तोंड आवळल्यासारखे होते, कारण तिच्यातील टॅनिन ही तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतात. चहात दूध घातले, की दुधातील केसीन हे प्रथिन कपातच टॅनिनांना पकडते आणि जिभेपर्यंत तुरटपणा कमी पोहोचतो. कडक आसामला दूध मानवते ते यामुळे. दार्जिलिंगचा नाजूक ऑर्थोडॉक्स मात्र त्याच दुधात बुडून जातो. अनेकांनी महागडी पत्ती आणून ती नेहमीसारखी दूध-साखर घालून पाच मिनिटे उकळलेली असते आणि ‘यात काही दम नाही’ असा निकाल दिलेला असतो. माझ्या मते त्यात दोष पत्तीचा नसून रीतीचा असतो.

मळ्यातले ऋतू

चहाच्या झुडपाला वर्षातून अनेकदा नवी पालवी येते आणि प्रत्येक बहराची चव निराळी असते. संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार यांतला फरक ज्या नागपूरकराला तोंडपाठ आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागू नये. दार्जिलिंगमध्ये हिवाळ्याची विश्रांती संपून फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत पहिला बहर खुडतात, ज्याला पुडीवर ‘फर्स्ट फ्लश’ असे लिहिलेले असते. हिवाळाभर झोपलेल्या झुडपाची ती पहिली कोवळी पाने असतात. त्यांचा चहा फिकट सोनेरी आणि फुलांच्या वासाचा होतो.

दुसरा बहर मे-जूनमधला, म्हणजे आपल्याकडे नवतपा पेटलेला असतो तेव्हाचा. त्याची विख्यात द्राक्षासारखी चव अंशतः कीटकांची देणगी आहे. बारीक हिरवे तुडतुडे पानांचा रस शोषतात, झुडूप स्वसंरक्षणासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते आणि तीच द्रव्ये पुढे कपात दरवळतात. कपाशीवरच्या तुडतुड्यांनी हैराण झालेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल, पण वस्तुस्थिती तशीच आहे. पावसाळी बहर उत्पन्नाने मोठा आणि स्वादाने साधा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शरदाचा बहर तांबूस आणि भरीव. त्यानंतर उत्तरेकडील मळे थांबतात. दक्षिणेत निलगिरीवर मात्र वर्षभर खुडणी चालते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या दव गोठवणाऱ्या थंडीत तिथला सर्वांत सुगंधी चहा निघतो.

या वेळापत्रकाची आपल्या हवामानाशी छान सांगड बसते. मार्चमध्ये खुडलेला पहिला बहर बाजारात येईपर्यंत नागपुरात उन्हाळा लागलेला असतो, आणि हलका, बिनदुधाचा, थंड करूनही चांगला लागणारा चहा नेमका तेव्हाच हवा असतो.

‘उन्हाळ्यात चहा उष्ण पडतो’, त्याचे काय?

हा आक्षेप प्रत्येक घरात आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर मात्र आपल्या खिडकीतल्या कूलरने केव्हाच देऊन ठेवले आहे.

मे महिन्यात कूलर खोली गार करतो, कारण कोरड्या हवेत ताट्यांमधले पाणी भराभर वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. तोच कूलर जुलैमध्ये नुसती ओल वाढवतो. आपल्या त्वचेवरच्या घामाची गोष्ट हीच आहे. गरम पेय पोटात गेले, की शरीर घाम वाढवते. हिशेब करून पाहू. दीडशे मिलिलिटरचा, साठ अंश तापलेला कप शरीराला साधारण साडेतीन किलोकॅलरी उष्णता देतो. एक ग्रॅम घाम वाळताना अर्ध्या किलोकॅलरीहून थोडी अधिक उष्णता ओढून घेतो. म्हणजे त्या कपाची सारी उष्णता फेडायला अवघा सहा ग्रॅम जादा घाम, चहाच्या चमच्याने जेमतेम सव्वा चमचा, वाळावा लागतो. त्याहून अधिक घाम वाळला, तर आपण आधीपेक्षा गार होतो. मेच्या कोरड्या हवेत, सुती कपड्यांत, सावलीत आणि वाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे शक्य असते. जुलैच्या दमट दुपारी घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तेव्हा हा नियम लागू पडत नाही.

म्हणून दुपारी दीडच्या उन्हात चहा घ्यावा, असे मी सुचवीत नाही. वाढलेला घाम म्हणजे अंगातून गेलेले पाणी आणि मीठ. ते पाण्यानेच भरून काढले पाहिजे, आणि ऊन लागलेल्या माणसाला तर चहा हा उपायच नव्हे. मात्र सकाळी सातच्या कपाला घाबरण्याचेही कारण नाही. चहा अंगातले पाणी काढून टाकतो, ही भीतीही नेमाने चहा पिणाऱ्यांच्या बाबतीत अतिशयोक्त आहे. कारण कॅफीनमुळे जाते त्याहून पुष्कळ अधिक पाणी त्याच कपातून आत येते.

दुपारसाठी त्याहून चांगला मार्ग आहे. एक लिटर पिण्याच्या थंड पाण्यात चार चहाचे चमचे ऑर्थोडॉक्स किंवा हिरवी पत्ती घालून, झाकून, सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि गाळावी. थंड पाण्यात कॅफीन आणि तुरट द्रव्ये कमी उतरतात, त्यामुळे साखरेवाचूनही हा चहा गोडसर लागतो. गरम करून मग गार केलेला कडक चहा पुष्कळदा गढूळ होतो, कारण गार होताना कॅफीन आणि चहातील रंगद्रव्ये एकमेकांना बिलगून वेगळी होतात. थंड पाण्यात मुरवलेला चहा नितळ राहतो. भांडे उन्हात ठेवून चहा मुरवण्याची रीत मात्र टाळावी. कोमट पाणी तासन्‌तास राहिले, की त्यात जंतू वाढतात.

‘हिरवा चहा कडूच लागतो’

तो कडू लागतो, कारण आपण त्याच्यावर उकळते पाणी ओततो. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवरच्या नागपुरात पाणी ९९ अंशांना उकळते. हिरव्या पत्तीला ७० ते ८० अंश पुरतात. त्याहून गरम पाण्यात कडू-तुरट द्रव्ये धावत बाहेर येतात आणि पानातला गोडसर, भरीव स्वाद त्यांच्याखाली दबून जातो. घरात तापमापक असायची गरज नाही. तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग माठातले पाणी मिसळले, की मिश्रण ८० अंशांच्या आसपास येते. त्यात पत्ती दोन मिनिटे ठेवून गाळावी, आणि तीच पत्ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वापरावी. किलोचा भाव ऐकून दचकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की एका कपाला दोन ग्रॅम पत्ती लागते आणि चांगली पत्ती दोनदा-तीनदा उतरते.

पाण्याचाही भाग असतो. बोअरवेलच्या जड पाण्यात केलेल्या बिनदुधाच्या चहावर तेलकट दिसणारी पातळ साय धरते. ते तेल नव्हे. पाण्यातला चुना आणि चहातील तुरट द्रव्ये यांचा तो थर असतो, आणि असा चहा काळपट व निर्जीव लागतो. नळाचे किंवा गाळणयंत्राचे पाणी घेतले, की त्याच पत्तीचा रंग उघडतो.

पावसाळा: आले, गवती चहा आणि फाटणारे दूध

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की चहा आपोआप बदलतो. हवा गार नसते, पण ओली असते, वास रेंगाळतात, आणि गवती चहातील लिंबासारख्या वासाचे सिट्रल हे तेल अशा हवेत जितके खुलते तितके इतर कोणत्याही ऋतूत खुलत नाही, असा माझा अनुभव आहे. पाती कापून टाकण्याआधी त्यांची गाठ मारून जरा पिळावी; पेशी तुटल्याशिवाय तेल सुटत नाही. उकळी फार लांबवू नये, कारण हे तेल वाफेबरोबर उडून जाते. गाळण्याच्या आधी दोन मिनिटे झाकण ठेवून मुरू दिले तर पुरे.

आल्याचे शास्त्र याच्या उलट आहे. गेल्या पावसाळ्यात पाहुणे बसलेले असताना मी दूध-पाण्याचे आधण गॅसवर ठेवले, कोमट असतानाच त्यात किसलेले आले टाकले, आणि उकळी यायच्या आत दुधाच्या गुठळ्या पातेल्याच्या कडेला तरंगू लागल्या. दूध सकाळचेच होते. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते आणि कोमट दुधात ते झपाट्याने काम करते. उकळत्या पाण्यात ते निकामी होते. तेव्हापासून आले आधी नुसत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळून उकळते, मग पत्ती, आणि शेवटी तापलेले दूध. त्यानंतर दूध एकदाही फाटलेले नाही.

या दिवसांत पत्तीलाही जपावे लागते. चहा हवेतली ओल आणि शेजारचा वास दोन्ही शोषून घेतो. गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी उघडी राहिलेली पुडी आठवड्याभरात मसाल्याची होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसच्या शेगडीपासून दूर, एवढी व्यवस्था पुरते.

थंडी: दुधाचा दाट चहा, आणि संत्र्याची साल

नागपूरची थंडी थोडी असते, पण खरी असते. अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या काठावर सकाळी साडेसहाला फिरून परत आल्यावर जो चहा हवासा वाटतो, तो आसामचा सीटीसी, दाट दूध, सुंठ आणि वेलची यांचाच. याला कारण आहे. सुंठ, दालचिनी, लवंग यांची सुगंधी तेले पाण्यापेक्षा स्निग्धांशात चांगली विरघळतात. म्हणून मसाल्याचा चहा सायीच्या दुधात जितका भरून येतो तितका पातळ दुधात येत नाही. आले वाळून सुंठ होताना त्याच्यातील तिखट द्रव्याचेही रूप बदलते आणि ते अधिक तीव्र होते, त्यामुळे सुंठ आल्यापेक्षा पुष्कळ कमी लागते.

पण याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, आणि आपण साली फेकून देतो याचे मला खरोखर वाईट वाटते. जगभर विकला जाणारा अर्ल ग्रे नावाचा चहा म्हणजे काळ्या पत्तीला दिलेला बर्गमॉट या आंबट संत्रवर्गीय फळाच्या सालीचा वास, एवढेच तर असते. स्वच्छ धुतलेल्या नागपुरी संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी घ्यावी, आतला पांढरा कडू भाग सुरीने खरवडून काढावा, आणि निलगिरीच्या बिनदुधाच्या गरम चहावर ती दोन बोटांत दुमडून पिळावी. तेलाचे बारीक तुषार चहाच्या पृष्ठभागावर पडताना डोळ्यांना दिसतात आणि क्षणात कप दरवळतो. संत्र्याचा रस घातला, तर आंबटपणाने चहाचा रंगही उजळतो. मात्र रस घालायचा असेल तर त्या कपात दूध घालू नये, ते फाटेल.

तर्री पोह्यांबरोबर चहा घ्यावा का?

ही जोडी मोडायला सांगणे माझ्या जिवावर येते, पण येथे शास्त्र स्पष्ट आहे. चहातील टॅनिन धान्य, डाळी आणि भाज्यांमधल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते शरीरात पुरेसे शोषले जाऊ देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन नसावे असेही म्हटले आहे. चहाच्या एका कपात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी, आणि विशेषतः गरोदर स्त्रियांनी व वाढत्या वयाच्या मुलींनी, हा एक तास काटेकोरपणे पाळावा. हिरवा चहाही याला अपवाद नाही. पोह्यांवर लिंबू मात्र भरपूर पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते.

इतवारीत काय विचारावे

इतवारीत सुटा चहा विकणाऱ्या दुकानात गेले, की पहिला प्रश्न येतो, “ताई, कडक पाहिजे का वासाची?” या एका वाक्यात सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स यांचा सगळा फरक आला आहे. जाणता दुकानदार पत्ती तळहातावर घेतो, तिच्यावर गरम श्वास सोडतो आणि मग ती हुंगायला पुढे करतो. श्वासाच्या उबेने आणि ओलाव्याने वास जागा होतो. आपणही तसेच करावे. शंभर ग्रॅमच घ्यावी, कोणत्या बहराची आहे ते विचारावे, आणि दार्जिलिंगच्या नावावर फार स्वस्त मिळत असेल तर सावध राहावे, कारण त्या नावाला २००४ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे आणि ते ठरावीक मळ्यांच्याच चहाला लावता येते.

घरी आल्यावर पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून वरून पाणी शिंपडावे. कृत्रिम रंग लावलेला असेल तर कागदावर लगेच डाग उमटतात, आणि पत्ती झटकून कागद नळाखाली धुऊन उजेडासमोर धरला तरी ते दिसतात. असे डाग दिसले, तर ती पुडी दुकानात परत न्यावी.